पंच्याहत्तरीचे सहाशे चाळीस फोटो

वर्षश्राद्धाची शेवटची पंगत उठली. फॅक्टरीतले लोक बडीशेप चघळत, "येतो प्रविणभाऊ, सगळं व्यवस्थित झालं," असं म्हणत आपापल्या क्वार्टरकडे वळले, तेव्हा प्रविणला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला. गेलं वर्षभर तो याच दिवसावर डोळा ठेवून होता. एखादी गोष्ट वर्षभर दाबून धरली की ती आपोआप जुनी होते, आणि जुन्या गोष्टीची कोणी चौकशी करत नाही, अशी त्याची समजूत होती. नात्यातल्या रुसव्याफुगव्यांच्या बाबतीत ती बहुतेक वेळा खरीही ठरली होती.

हॉलमध्ये आता घरचेच उरले होते. चंद्रभागाबाई दिवाणावर यादोरावांच्या फोटोकडे पाठ करून बसल्या होत्या. हा फोटो आधार कार्डावरून मोठा केलेला. आधारसाठी बसवताना यादोरावांना कोणीतरी "हलू नका, हसू नका" असं सांगितलं होतं आणि त्यांनी ते फारच मनावर घेतलं होतं. त्यामुळे झेंडूच्या हारातून ते घरातल्या प्रत्येकाकडे जामीन नाकारलेल्या माणसासारखे बघत. तेरवीच्या दिवशीच चंद्रभागाबाईंनी सांगून टाकलं होतं, "हा कोन आनला बाप्पा? या मानसाले मी वळखत नाही." त्यानंतर त्यांनी त्या फोटोला हात जोडले नव्हते.

"दादा, टीव्ही लाव ना," हर्षा म्हणाली. प्रविणची ही धाकटी बहीण लाखांदूरला दिलेली, तिथल्याच एका शाळेत गणित शिकवायची. तिनं पर्समधून रुमालाची गाठ काढली आणि गाठीतून लाल रंगाचा पेनड्राइव्ह. "बाबाच्या पंच्याहत्तरीचे फोटो पाहू. मायनं सालभर त्यायचा चेहरा नाही पाहिला."

प्रविणच्या हातातली सुपारी हातातच राहिली.

"हा तू मले वापस नव्हता केला?"

"नाही केला. तू मांगला, मी ठेवून घेतला. सोन्याच्या डब्यात होता."

"अवं, त्यात व्हायरस आहे! टीव्ही जळून जाईन!"

"माह्यात कसा राहीन व्हायरस?" हर्षानं डोळे बारीक केले. वर्गात कोणी उत्तर आधी लिहून मग गणित मांडलं की ती अशीच बघत असावी. "हा तू मले पंच्याहत्तरीच्या दुसऱ्या दिवशी भरून देला. भर उन्हाळ्यात. व्हायरस आला पोळ्याच्या मांगंपुढं, रुपा वहिनीच्या पेनड्राइव्हातून. असं तूच सांगतलं. मंग हा तं साजरा असाले पायजे न?"

यावर काहीतरी तांत्रिक बोलायला हवं होतं. वर्षभर प्रविणनं तेच केलं होतं. 'बूट सेक्टर', 'रजिस्ट्री', 'करप्ट' असे शब्द त्यानं घरात अंगाऱ्यासारखे वापरले होते आणि ज्याला लावावे तो गप्प होत होता. घरात कॉम्प्युटर आणणारा पहिला माणूस तो. फार वर्षांपूर्वी नव्हे, पण आंबागड या मूळ गावच्या गभणे मंडळींना वाटावं इतका आधी. त्यामुळे कॉम्प्युटरबद्दल तो जे म्हणेल ते सगळ्या नातेवाइकांत प्रमाण धरलं जाई. आज मात्र ऐनवेळी एकही शब्द आठवेना.

धाकटा भाऊ इश्वर दाराजवळ चटईवर बसला होता. सकाळपासून तो प्रविणशी फक्त "हो" आणि "नाही" बोलला होता. आंबागडला शेती बघणारा हा माणूस एरवी बोलायला लागला की धानावरच्या तुडतुड्यापासून सरपंचापर्यंत कोणालाच सोडत नसे. स्वयंपाकघराच्या चौकटीत, पदर डोक्यावर पुढे ओढून त्याची बायको रुपा उभी होती. पहाटेपासून साठ माणसांचा स्वयंपाक तिनं रांधला होता. पण चंद्रभागाबाईंचं ताट गीतानं वाढलं होतं, म्हणजे प्रविणच्या बायकोनं. यादोरावांच्या तेरवीपासून सासू रुपाच्या हातचं काही घेत नव्हती. आंबागडचं घर सोडून ती इथं क्वार्टरमध्ये राहायला आली होती. "जिनं माह्या मानसाचा शेवटचा फोटो पुसला, तिच्या घरी मी नाही राहत," असं सांगून.

हे सगळं एका दुपारी सुरू झालं होतं, याच हॉलमध्ये.

यादोरावांची पंच्याहत्तरी आंबागडला दणक्यात झाली आणि दुसऱ्या दिवशी सगळे मोबाइल घेऊन इथं जमले. प्रविणनं एकेकाचा मोबाइल वायरनं जोडून फोटो कॉम्प्युटरमध्ये ओढले. सहाशे चाळीस भरले. आता ते तिघा भावंडांच्या तीन पेनड्राइव्हवर घालायचे होते. त्यानं सगळे निवडले, कॉपी केले, पेस्ट म्हटलं. पडद्यावर 'पंचवीस मिनिटं शिल्लक' असं आलं. हर्षाची बस सुटायला पंधरा मिनिटं होती आणि ती पिशवी खांद्यावर घेऊन दारात उभी. प्रविणनं ते थांबवलं, पुन्हा उजवं बटन दाबलं आणि 'पेस्ट'च्या खालच्या ओळीवर 'पेस्ट शॉर्टकट' लिहिलेलं होतं ते दाबलं. दोन सेकंदांत सहाशे चाळीस फोटो पेनड्राइव्हवर! त्याला स्वतःचाच अभिमान वाटला. खात्री म्हणून त्यानं पेनड्राइव्हवरचा एक फोटो उघडूनही दाखवला. तोंडात अर्धी जिलेबी, पाक हनुवटीवर, आणि यादोराव डोळे मिटून हसताहेत. सगळ्यांनी पाहिला. चंद्रभागाबाई लाजून म्हणाल्या, "बंद कर रे, मेला बुढा कसा हासून राह्यला!"

तेव्हाही रुपा याच चौकटीत उभी होती. ती गावच्या सेवा केंद्रात कॉम्प्युटर चालवते. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पोरांचे ऑनलाइन फॉर्म, दिवसभर हेच. पण गभण्यांच्या घरात धाकटी सून भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, सरळ बोलत नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली, प्रविणनं तिचा आवाज ऐकला होता तो दुसऱ्या कोणाशी तरी बोलतानाच. तिला त्याला काही सांगायचं असेल तर ते सासूकडून जाई. त्या दिवशीही ती हळूच म्हणाली होती, "आत्याबाई, भासऱ्यांना म्हना, पेनड्राइव्हचं वजन पाहा. इतक्या लवकर एवढे फोटो नाही जात."

चंद्रभागाबाईंनी चार हातांवर बसलेल्या लेकाला निरोप दिला. "प्रविण, ते म्हनते वजन पाय."

"वजन? काय वो माय, पेनड्राइव्हचं काय वजन राहते! तराजू आनू का?"

पेनड्राइव्हवर किती जागा भरली, ते तिचं वजन; पण सगळे हसले. इश्वरही हसला. रुपा आत गेली. आणि प्रविणनं सगळ्यांना फर्मावलं, "आता मोबाइलमधले पुसून टाका. उगाच मेमरी भरते." सगळ्यांनी पुसले. कॉम्प्युटर मंद चालायला लागला तेव्हा महिन्या-दोन महिन्यांनी त्यानं तोही फॉरमॅट मारून पुसून काढला, निर्धास्तपणे. पोळ्यानंतर यादोराव गेले. तेरवीसाठी फोटो हवा म्हणून त्यानं आपला पेनड्राइव्ह लावला आणि तेव्हा त्याला कळलं की पेनड्राइव्हमध्ये फोटो नाहीत. फोटो कुठे होते याचे सहाशे चाळीस पत्ते आहेत. आणि ते घर त्यानं स्वतःच्या हातानं पाडलेलं आहे.

राखीला इश्वर रुपाचा पेनड्राइव्ह लावून काही कागद छापून घेऊन गेला होता. त्यातून व्हायरस आला असं सांगायला प्रविणला एवढं पुरे झालं.

"दादा, लावतो का मी लावू?" हर्षानं उत्तराची वाट न पाहता पेनड्राइव्ह टीव्हीच्या मागे खोचला. टीव्हीनं दोन सेकंद विचार केला आणि यात फोटो नाहीत, असं शांतपणे सांगितलं.

"नाहीत कसे? दोन ताळे लावून ठेवला मी!"

"मी म्हटलं नव्हतं?" प्रविण म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला जरा मोठाच वाटला. "काढ तो. टीव्ही खराब होईन."

"लॅपटॉपवर पाहा," गीता म्हणाली. कोणी मागण्याआधीच तिनं आतून लॅपटॉप आणून त्याच्यासमोर ठेवला, चार्जरसकट. गीताला सगळं ठाऊक होतं. वर्षभरात ती यावर एकदाच बोलली होती, "सांगून टाका," आणि मग तिनं तो विषय काढला नव्हता. विषय न काढणं हा गीताचा फार जुना आणि फार त्रासदायक गुण होता. आत्ता लॅपटॉप ठेवून ती त्याच्या बाजूला बसली नाही. पलीकडे जाऊन रुपाशेजारी उभी राहिली.

हर्षानं पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला. पडद्यावर सहाशे चाळीस नावं आली. प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक बारीकसा बाण.

"हे काय, आहेत न!" हर्षा हरखली. चंद्रभागाबाईंनी चष्मा चढवला आणि दिवाणावरून अर्ध्या उठल्या. हर्षानं एकावर दाबलं. कॉम्प्युटरनं कळवलं की ही वस्तू जिथं होती तिथं आता नाही. दुसऱ्यावर दाबलं. तेच. तिसऱ्यावर, दहाव्यावर, तेच.

चंद्रभागाबाई खाली बसल्या. "म्हंजे हर्षाच्याले बी लागली ते कीड," त्या म्हणाल्या आणि त्यांची नजर सवयीनं स्वयंपाकघराच्या चौकटीकडे गेली.

"झालं?" इश्वर उठून उभा राहिला. "आता हे बी माह्या बायकोच्या नावावर टाका. लाखांदूरच्या कपाटात बी तेच गेलती वाटते, पेनड्राइव्ह चावाले!"

"इश्वर, आज तरी..." प्रविण म्हणाला.

"आज काहून नाही? सालभर मायनं माह्या घरचा उंबरठा नाही पाहिला. माह्या पोरीनं बुढीले आनाले चार चक्करा मारल्या. काय म्हने? कीड आहे म्हने तुह्या मायच्या हाताले!"

"असं नव्हती मी म्हटली," चंद्रभागाबाई पुटपुटल्या.

"त्याच अर्थाचं म्हटली."

मग चौकटीतून आवाज आला. मोठा नव्हता. केंद्रावर रांगेतल्या माणसाला कोणता कागद कमी आहे हे सांगावं तसा.

"आत्याबाई, भासऱ्यांना एक इचारा. फोटो व्हायरसनं गेले असन तं आता काही होत नाही, सोडून द्या म्हना. पन जुन्या कॉम्प्युटरले फॉरमॅट मारला असन, अन् त्यावर मंग काही भरलं नसन, तं कधीकधी वापस काढता येतात. केंद्रावर एका मास्तरचे काढले मी. कोनतं झालं, तेवढं इचारा."

पंखा फिरत होता आणि फोटोवरचा झेंडूचा हार त्यासोबत जरा जरा हलत होता.

चंद्रभागाबाईंना यातलं अर्धंही कळलं नव्हतं, पण 'वापस' एवढं कळलं होतं. त्या लेकाकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की प्रविणला तिकडे बघवेना.

"प्रविण, ते इचारते, व्हायरसनं गेले का त्यानं... काय वो? हां, फार्माटानं गेले?"

प्रविणला कळलं. रुपाला माहीत होतं. त्या दिवशी वजन बघायला सांगितलं तेव्हापासून, आपल्या वाट्याचा पेनड्राइव्ह केंद्रावर उघडला तेव्हापासून तिला सगळं माहीत होतं. आणि वर्षभर तिनं तोंड उघडलं नव्हतं. आज उघडलं तेही आरोप करायला नाही. त्याला फक्त दोनपैकी एकावर बोट ठेवायचं होतं. 'व्हायरस' म्हटलं की तो शहाणा, इज्जतदार मोठा भाऊ राहणार होता, आणि बाप कायमचा आधार कार्डात.

खरं सांगायचं तर त्याला लगेच ठरवता आलं नाही. हे त्याला पुढे बरेच दिवस आठवत राहिलं. किती वेळ लागला ते.

"फॉरमॅटनं," तो म्हणाला.

"फार्माटानं म्हने," चंद्रभागाबाईंनी आशेनं चौकटीकडे निरोप दिला. "मंग येतीन का वो?"

"कोनं मारला इचारा."

"कोनं मारला रे?"

"मीच."

"तो म्हनते मीच."

"कवा? बाबाजी गेल्यावर का आधी?"

"कवा मारला?"

"आधी. पोळ्याच्या महिनाभर आधी."

चंद्रभागाबाई निरोप द्यायला तोंड उघडून थांबल्या. निरोप्याला निरोपाचा अर्थ लागला की असं होतं.

"पोळ्याच्या आधी?" त्यांनी सावकाश विचारलं. "मंग व्हायरस कवा आला?"

"नाही आला, माय."

"पेनड्राइव्हात टाकताना काय दाबलं होतं, तेही इचारा," रुपा म्हणाली. "साधं पेस्ट का खालचं?"

"आता तूच इचार त्याले," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "मी मधात नाही. माह्यानं नाही होत."

गीतानं रुपाच्या पाठीवर हात ठेवला. रुपानं क्षणभर खाली पाहिलं, पदर सारखा केला, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा प्रविणच्या तोंडाकडे बघून विचारलं, "साधं का खालचं?"

"खालचं."

"मंग तिन्ही पेनड्राइव्हात तेच असन. जुन्या कॉम्प्युटरचा डब्बा कुठी आहे?"

"वर. माळ्यावर. पोत्यात बांधून ठेवला."

"फॉरमॅटनंतर किती वापरला?"

"आठ-दहा वेळा. थोडाच. मंग बाबा गेले, अन् मी... तो पाहवत नव्हता मले. बांधून टाकला."

"त्याच्यावर पिच्चर, गाने, काही भरलं?"

"नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

एकेक प्रश्न इतका साधा होता, आणि एकेका उत्तराबरोबर तो घरच्यांच्या नजरेत एकेक पायरी उतरत होता. ओरडली असती, रडली असती तर बरं झालं असतं. त्याच्याकडे अशा वेळची उत्तरं तयार होती. या बाईला फक्त माहिती हवी होती.

"सगळे नाही येनार," रुपा सासूकडे वळून म्हणाली. "काही अर्धे येतीन, काही नाहीच. मी आस लावत नाही. पन डब्बा चालू करू नका कोनी. तसाच न्या."

इश्वर माळ्यावर चढला. प्रविण खुर्ची धरायला पुढे झाला, तर तो वरूनच म्हणाला, "राहू दे. धरतीन ह्या." गीता आणि हर्षानं खुर्ची धरली. पोतं खाली आलं. धूळ इतकी की हर्षाला शिंका सुरू झाल्या.

चंद्रभागाबाई लेकाकडे बघत होत्या. "तू रोज माह्या समोर बसून जेवत होता रे," त्या म्हणाल्या. "दोन्ही टाइम. मी तुले म्हनो, बापू, त्या पोरीनं काय केलं पाय. अन् तू वरन वाढून घेत होता."

त्याला वाटलं होतं, आई फोटोंबद्दल विचारेल.

मग त्यांनी आपली पिशवी भरली. दोन लुगडी, औषधाची डबी, चष्म्याचं घर. पाणी मागितलं ते गीताकडे नाही. "रुपा, घोटभर पानी दे वो," म्हणाल्या आणि उभ्यानंच प्यायल्या, डोळे पुसत, पेला मात्र सोडला नाही. रुपानं तो हातातून हळूच काढून घेतला.

सगळे बाहेर निघाले तेव्हा प्रविण ओट्यावर पुढे आला. हे वाक्य त्यानं वर्षभरात पुष्कळ वेळा मनात जुळवलं होतं, आणि दर वेळी ते जास्त भारदस्त झालं होतं. आता त्यातलं काही उरलं नव्हतं.

"रुपाबाई, चुकलं माह्यं. माफ करा."

रुपानं पदर पुढे ओढला आणि सासूकडे तोंड केलं.

"आत्याबाई, भासऱ्यांना म्हना, मले एकटीले सांगून काय होते? यायनं गभणे परिवाराच्या ग्रुपवर टाकलं होतं, का इश्वरच्या बायकोच्या पेनड्राइव्हापासून सावध राहा. एकशे बारा लोकं आहेत त्यात. तवापासून केंद्रावर लोकं मले पेनड्राइव्ह द्याले भेतात. मोबाइलची वायर लावू देत नाहीत. काही तं तुमसरले जाऊन काम करून आनतात. जिथं टाकलं तिथंच टाका म्हना."

हे प्रविणला ठाऊक नव्हतं. त्यानं कधी विचारलंच नव्हतं. त्यानं खिशातून मोबाइल काढला. आधी बोटांना सवयीचं तेच आलं: 'सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, मागील संदेशात अनवधानाने...' तो थांबला. पुसलं. 'काही तांत्रिक गैरसमजातून...' तेही पुसलं. गाडीच्या मागच्या सीटवर इश्वर पोत्याला ओढणी गुंडाळत होता. कोणी घाई करत नव्हतं. सगळे वाट पाहत होते, आणि शेजारच्या क्वार्टरमधले देवाजी आपल्या ओट्यावर वर्तमानपत्र मांडीवर ठेवून तेच करत होते.

शेवटी त्यानं लिहिलं आणि पाठवलं. हर्षाच्या हातातला मोबाइल वाजला.

"काय टाकलं?" चंद्रभागाबाईंना वाचता येत नव्हतं. "वाच."

हर्षानं घसा साफ केला. "व्हायरस नव्हता. बाबाचे फोटो मी घालवले. रुपाचं नाव मी खोटं घेतलं. प्रविण."

देवाजींनी चष्मा काढला. पलीकडच्या क्वार्टरच्या खिडकीत कोणीतरी येऊन उभं राहिलं. प्रविण ओट्याच्या खांबाला धरून उभा होता आणि आता ते निघतील म्हणून खाली बघत होता.

चंद्रभागाबाई गाडीत बसल्या नाहीत. दार धरून तशाच उभ्या राहिल्या.

"हळू वाचलं तू," त्या हर्षाला म्हणाल्या. "अजून एकदा वाच."